कोरकू मुलांच्या वाचनावर शाळेतच अभ्यास करायचाय: पैसा आणि शिकवणारं माणूस कुठे मिळेल?

मेळघाट_गुरुजी

नमस्कार. मी चिखलदरा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत नऊ वर्षांपासून आहे. पहिली ते पाचवी, पट ३८, शिक्षक आम्ही दोघं. गाव सगळं कोरकू. बाजारात हिंदी चालते, मराठी फक्त शाळेत आणि तलाठ्याकडे. लिहिणं थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना, पाऊस असा की पत्र्याखाली एकमेकांचं ऐकू येईना. पहिलीला घराचं चित्र दाखवून ‘घ’ शिकवत होतो. एक मुलगी, जूनपासून वर्गात तोंड न उघडलेली, चित्रावर बोट ठेवून म्हणाली, ‘उरा’. कोरकूत घराला उरा म्हणतात. मी फळ्यावर ‘उरा’ लिहिलं आणि तिला म्हटलं, हे बघ, तू म्हणालीस ते हे. तिनं आधी ‘उ’वर बोट ठेवलं, मग ‘रा’वर, आणि पुन्हा म्हणाली, उरा. मग शेजारच्या दोघांना हाताला धरून फळ्यापाशी घेऊन आली आणि त्यांनाही वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पाटीवर ‘रा’ काढून आली, कोणी सांगितलेलं नसताना. ‘घ’ यायला तिला दिवाळी उजाडली.

त्या दिवसापासून मी वही घातली. पहिलीचे पहिले दोन-अडीच महिने कोरकू शब्दांतूनच अक्षरं घेतो. उरा, डा म्हणजे पाणी, जोम म्हणजे खाणं. मोजायला मिया, बारी, आफई. मराठी शब्द त्यानंतर. वहीत एका मुलाला चार पानं: तारीख, त्या दिवशी मदतीशिवाय वाचलेले शब्द, कुठे अडलं, अडल्यावर काय केलं. आजपर्यंत २९ मुलांची पानं झाली आहेत.

त्यातून काही गोष्टी दिसतात, त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही. एक उदाहरण देतो. कोरकूत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन वेगळे शब्द आहेत, मराठीसारखेच. हिंदीत दोन्हीला ‘हम’. माझी कोरकू मुलं आम्ही-आपणमध्ये कधी चुकत नाहीत. दुकानदाराची हिंदी बोलणारी दोन पोरं हमखास चुकतात. पण ‘दोन चिमण्या’, ‘चार चिमण्या’ वाचताना कोरकू मुलं थबकतात, कारण त्यांच्या भाषेत दोघांसाठी एक रूप आणि अनेकांसाठी दुसरं, संस्कृतातल्या द्विवचनासारखं. मराठीत दोनलाही चिमण्या आणि चारलाही चिमण्याच. मूल थबकलं की आम्ही वहीत ‘कच्चा’ लिहून मोकळे होतो. ते मूल खरं तर व्याकरणाचा विचार करत असतं.

मला हे नीट करायचंय. चार शाळा, दोन वर्षं. बारा छोटी चित्रपुस्तकं छापायची, एक चांगला ध्वनिमुद्रक घ्यायचा, गावातल्या बारावी झालेल्या एका मुलीला मानधन द्यायचं (शब्द ती सांगते, मुलांचं बोलणं तीच टिपते) आणि शाळाशाळांत फिरायचा खर्च. बेरीज १,८०,०००च्या आसपास जाते. आतापर्यंत खिशातून साधारण २२,००० घातले. माझी दोन मुलं परतवाड्याला शिकायला आहेत, आता घरून पुढे काढणं शक्य नाही.

दोन ठिकाणी हात पोळले. एका कंपनीच्या सीएसआरकडे अर्ज केला. माणसं आली, मुलांबरोबर फोटो काढले, आणि दोन महिन्यांनी मोठा टीव्ही आला. आमच्याकडे पावसाळ्यात वीज चार-चार दिवस नसते. पुस्तकांचं विचारलं तर ‘संशोधन आमच्या कार्यक्षेत्रात बसत नाही’. दुसरं, एका राष्ट्रीय चर्चासत्राला गेलो. नोंदणी २,५००. एका खोलीत चाळीस निबंध, प्रत्येकाला सात मिनिटं. निबंध छापायचे वेगळे १,८००, आणि चार दिवसांत छापून हातात. एकानंही एकही प्रश्न विचारला नाही. परतीच्या एसटीत मला फार वाईट वाटलं. पैशाचं इतकं नाही. तीन वर्षांचं काम कोणी वाचलंच नाही, याचं जास्त.

शिक्षण डी.एड., नंतर मुक्त विद्यापीठातून बी.ए. आणि एम.ए. मराठी. पीएच.डी. नाही. वय ४१.

माझ्यासारख्या शिक्षकाला अशा कामासाठी पैसा खरंच मिळतो का? शाळा न सोडता संशोधनाची रीत कुठे शिकता येईल? आणि परवानगी कोणाची लागते? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया लिहावं.

डाएट_अधिव्याख्याता

गुरुजी, आधी एक काम करा. आज रात्री त्या वहीच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि दुसऱ्या कोणाकडे तरी पाठवून ठेवा. मेळघाटचा पाऊस आणि कागद यांचं जमत नाही. माझ्या एका शिक्षकाची चार वर्षांची नोंदवही गळक्या कपाटात गेली, तेव्हापासून मी हे प्रत्येकाला सांगते.

मी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डाएटमध्ये आहे, तुमच्या नाही, दुसऱ्या जिल्ह्यात. दरवर्षी शिक्षकांची कृती संशोधनं माझ्या टेबलावर येतात. बहुतेक एका साच्यातली: समस्या, उद्दिष्टं, पूर्वचाचणी, उपाय, उत्तरचाचणी, टक्केवारी वाढली. ‘मूल थबकतं तेव्हा ते व्याकरणाचा विचार करत असतं’ असं वाक्य मला इतक्या वर्षांत कोणाच्या अहवालात वाचायला मिळालं नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पैशाच्या आधी प्रश्न. तुमच्या लिहिण्यात किमान तीन अभ्यास एकमेकांत मिसळलेत: कोरकू शब्दांतून अक्षरं लवकर येतात का, वचनाच्या फरकामुळे मुलं कुठे अडतात, आणि चित्रपुस्तकांनी काय होतं. निधी देणारा पहिल्या पानावर एकच प्रश्न शोधतो. तुम्ही पहिला घ्या. तो मोजता येतो आणि तुमच्याकडे तीन वर्षांचा मागोवा आहे.

आता निधी. एनसीईआरटी या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची शैक्षणिक संशोधन व नवोपक्रम समिती आहे, तिला ‘एरिक’ म्हणतात, १९७४ पासूनची. शालेय शिक्षणावरच्या संशोधन प्रकल्पांना ती पैसा देते. पण प्रस्ताव संस्थेमार्फत जातो आणि हिशेब संस्थेनं द्यायचा असतो. विद्यापीठ, अध्यापक महाविद्यालय, डाएट, नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था, यांपैकी कोणीतरी लागतं. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे लहान-मोठे प्रकल्प असतात, मुंबईला कालिन्याच्या विद्यापीठ परिसरात तिचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. पण तिथे प्रकल्पप्रमुखाकडून पीएच.डी.ची अपेक्षा असते. म्हणजे दोन्हीकडे तुम्हाला एक संस्था आणि एक जोडीदार हवाच.

तुमच्या जिल्ह्याच्या डाएटला भेटा. आमची वार्षिक कार्ययोजना असते, तिच्यात संशोधनाचा भाग असतो, आणि खरं सांगायचं तर तो भरायला आम्हाला चांगले विषय मिळत नाहीत. रक्कम मोठी नसते. पण डाएटचं नाव आलं की चार शाळांत जायचा प्रश्न सुटतो, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र मिळतं, आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत बाकीच्या शिक्षकांना हे दाखवता येतं.

परवानगीचं असं. स्वतःच्या वर्गात तुम्ही जे करताय ते तुमचं शिकवणंच आहे. मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांना लेखी कळवून ठेवा, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर कागद असेल. दुसऱ्या शाळा घ्यायच्या तर अर्ज केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी प्राथमिक असा वर जाऊ द्या. मधली पायरी गाळली की अर्ज तिथेच अडकतो. पालकांची संमती वेगळी घ्या, आणि ती कोरकूत समजावून घ्या. मराठी छापील कागदावर अंगठा घेणं म्हणजे संमती असं मी मानत नाही. मुलांचा आवाज टिपणार असाल तर तो कुठे राहील, कोण ऐकेल, हेही सांगा.

वर्गातल्या गरजेसाठी समग्र शिक्षामधलं संयुक्त शाळा अनुदान आहे. ३१ ते १०० पटाला वर्षाला २५,००० धरलेले आहेत, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. वीजबिल, खडू, दुरुस्ती यांतच ते संपतं हे मला माहीत आहे. पण प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी ५,००० वेगळे धरलेले असतात. ते आलं की व्यवस्थापन समितीत विषय घेऊन तुमच्या चित्रपुस्तकांचा कागद आणि छपाई त्यात बसते का ते बघा. दोन-तीन पुस्तकं निघाली तरी पुढच्या अर्जाला जोडायला हातात नमुना असेल.

विज्ञान_शिक्षिका_कोल्हापूर

मी माध्यमिकची आहे, त्यामुळे थोडक्यात. ज्यांचा विषय विज्ञान किंवा गणित आहे त्यांनी मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र नक्की बघावं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं आहे, १९७४ पासूनचं. शिक्षकांच्या कार्यशाळा होतात, विज्ञान शिक्षणात पीएच.डी.ही करता येते. मी तिथे पाच दिवस राहिले होते. आमच्या गटानं ‘सावली’ या एकाच धड्यावर दीड दिवस घालवला आणि मुलं काय काय बोलू शकतील ते आधी लिहून काढलं. त्यानंतर माझं पाठ टाचण बदललं ते कायमचं.

इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र शिकवणाऱ्या माध्यमिकच्या पूर्णवेळ शिक्षकांसाठी फुलब्राइट या अमेरिकी शिष्यवृत्तीचा सहा आठवड्यांचा एक कार्यक्रमही असतो, अमेरिकेतल्या विद्यापीठात. अर्ज करायच्या आधी तो यंदा निघालाय का ते त्यांच्या संकेतस्थळावर बघा. प्राथमिकच्या गुरुजींना तो लागू नाही, पण इथे वाचणाऱ्या इतरांना उपयोग होईल म्हणून लिहिलं.

सातपुड्याचा_केंद्रप्रमुख

गुरुजी, राम राम. मी नंदुरबार जिल्ह्यात ३१ वर्षं नोकरी करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. धडगावच्या बाजूला पावरी बोलणारी मुलं. तुमचं ‘उरा’ वाचलं आणि माझे पाड्यांवरचे दिवस आठवले.

मॅडम म्हणतात ते सगळं बरोबर. पण तुमच्या गावातच एक पैसा आहे, तो तुम्ही मोजलेला दिसत नाही. चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणजे तिथे पेसा लागू, आदिवासी भागात ग्रामसभेला जादा अधिकार देणारा कायदा. आपल्या राज्यात आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो. त्याला अबंध निधी म्हणतात. तो कशावर खर्च करायचा ते ग्रामसभा ठरवते. ज्या बाबींवर तो खर्चता येतो त्यांत आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण ही एक बाब आहे. ग्रामसेवकाला भेटा आणि खात्यात किती शिल्लक आहे, ग्रामसभा कोष समितीत कोण कोण आहेत, एवढंच विचारा.

माझा अनुभव सांगतो. आम्हाला पावरीतली चित्रकार्डं करायची होती. पहिल्या ग्रामसभेत मी उभा राहून ‘मातृभाषाधारित शिक्षण’ वगैरे बोललो. एक म्हातारा म्हणाला, आमची भाषा आम्हाला येते, शाळेत मराठी शिकवा, पोराला पोलिसात भरती व्हायचंय. ठराव झालाच नाही. चूक माझीच होती. दुसऱ्या वेळी मी बोललोच नाही. दुसरीच्या चार पोरांना उभं केलं. त्यांनी आधी पावरी कार्ड वाचलं, मग तीच गोष्ट मराठीत वाचली. तो म्हातारा पुढे आला, कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, ही आमची बोली इथे कोणी लिहिली? पोरांनी एका सातवीतल्या मुलीचं नाव सांगितलं. ती त्याची नात निघाली. तरी पैसे त्या दिवशी मिळाले नाहीत. तिसऱ्या सभेत ठराव झाला, ३०,०००चा. आराखड्यात नाव लागून पैसे हातात यायला आणखी आठ महिने.

म्हणून घाई करू नका, पण सुरुवात लवकर करा. आणि मागणी शाळेच्या नावानं नको, गावाच्या पुस्तकांसाठी करा. पुस्तकावर गोष्ट सांगणाऱ्या आजीचं नाव छापा. हे मी युक्ती म्हणून सांगत नाही. गोष्ट तिचीच असते.

फळा_ते_प्रबंध

मी अकरा वर्षं प्राथमिक शिक्षिका होते, आता शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करतेय. गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे संशोधनाची रीत कुठे शिकायची याबद्दल, मला लिहायचंय. कारण त्यात मी चार वर्षं चुकीच्या दारांवर घालवली.

पहिली चूक: पीएच.डी.ला नाव घातलं की पैसा मिळेल असं समजले. बार्टी, सारथी, महाज्योती, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्या अधिछात्रवृत्त्या (फेलोशिप) आपापल्या समाजगटांच्या उमेदवारांसाठी आहेत, अनुसूचित जमातींसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती वर्षाला ७५० जणांना मिळते. पण त्या पूर्णवेळ संशोधकासाठी. पगार आणि अधिछात्रवृत्ती एकत्र घेता येत नाहीत. तुम्ही ४१ वर्षांचे, दोन मुलं शिकतायत, तुमच्या कामाची जागा ती शाळा आहे. त्या शाळेतून तुम्हाला उचलून ग्रंथालयात बसवलं तर वही थांबेल. पीएच.डी. नंतरही करता येईल.

मी शिकले ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्राथमिक शिक्षणातल्या एम.ए.मध्ये. २००६ साली तो अभ्यासक्रम सुरू झाला, काम करणाऱ्या माणसांसाठी. आमच्या वेळी काही आठवडे मुंबईत वर्ग आणि बाकी वेळ आपापल्या कामावर, असं होतं. प्रवेश घेण्याआधी सध्याची रचना आणि शुल्क जरूर बघा. तिथे मी पहिल्यांदा माझ्याच वर्गाची नोंद दुसऱ्यांसमोर वाचली आणि कोणीतरी विचारलं, ‘तू म्हणतेस मुलाला कळलं नाही, पण मूल नक्की काय म्हणालं?’ मी मुलाचे शब्द लिहिलेच नव्हते. तुम्ही लिहिलेत. अर्धं शिक्षण तुमचं तुम्हीच केलंय.

आता वाचायचं काय? मराठीत लेखन-वाचन कसं घडतं यावर आपल्याकडे एक मोठा अभ्यास झालेला आहे, पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये. मराठी आणि कन्नड शिकणाऱ्या मुलांच्या मागे सलग तीन वर्षं राहून केलेला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. तो मिळवा. अहवाल इंग्रजीत आहे, पण त्यातली मुलांना दिलेली कामं कशी बांधली आहेत ते बघितलं तरी तुमच्या चाचणीचा आराखडा सुधारेल. वाड्याजवळच्या सोनाळ्यात ‘क्वेस्ट’ ही संस्था २००७ पासून आहे, आदिवासी भागातल्या मुलांच्या लेखन-वाचनावर सतत काम करते. फलटणला प्रगत शिक्षण संस्था आहे. या दोन्ही ठिकाणी एकदा चार दिवस जाऊन बसा. पैसे मागायला नको. वही दाखवा.

आणि भाषेच्या बाजूला जोडीदार हवा. द्विवचन, आम्ही-आपण हे तुम्ही बरोबर हेरलंत. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाली-मुंडारीच्या घरातली. मराठीशी तिचं नातं शेजाराचं, रक्ताचं नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचा विभाग आहे. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला तुमच्या गावात महिनाभर राहायला मिळालं तर तो आनंदानं येईल आणि तुमची बारावी झालेली मुलगी त्याला जे शिकवेल ते त्याला पुस्तकात मिळणार नाही. त्या मुलीचा फक्त ‘मदतनीस’ म्हणून उल्लेख करू नका. अहवालावर तिचं नाव हवं.

एक कडू गोष्ट. तुमची २९ मुलांची पानं आज काय सिद्ध करतात? कोरकू शब्दांतून शिकलेली मुलं लवकर वाचायला लागली, हे. पण ती कोरकू शब्दांमुळे, की तीन वर्षांत तुम्ही रोज प्रत्येक मुलाजवळ बसून त्याचं पान लिहिलंत म्हणून? वाचणारा हा प्रश्न विचारणारच. म्हणून दोन शाळांत कोरकू शब्द आणि वही, दोन शाळांत फक्त वही, असं करा. चारही ठिकाणी जूनच्या पहिल्या पंधरवड्याची नोंद तशीच घ्या. शेवटी ज्या शाळांत कोरकू शब्द नव्हते तिथे सगळं साहित्य द्या, नाहीतर त्या मुलांवर अन्याय होईल.

परदेशी निधीचं कोणी सांगेल म्हणून आधीच लिहिते. शिकागोच्या स्पेन्सर फाउंडेशनचं छोटं संशोधन अनुदान ५०,००० डॉलरपर्यंत असतं आणि अमेरिकेबाहेरच्या संस्थाही अर्ज करू शकतात, पण प्रमुख संशोधकाकडे डॉक्टरेट किंवा शिक्षण-संशोधनाच्या क्षेत्रातला अनुभव लागतो. तुमच्या कामाला आज तेवढा पैसा नको आहे. पैसे देऊन चार दिवसांत निबंध छापणाऱ्यांच्या वाटेला मात्र पुन्हा जाऊ नका.

मेळघाट_गुरुजी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बायकोनं टॉर्च धरला आणि वहीच्या ११६ पानांचे फोटो काढले. नेटवर्कसाठी सकाळी टेकडीवर जाऊन भावाला पाठवले.

‘फक्त वही’ हे वाचून रात्रभर डोळा लागला नाही. बरोबर आहे तुमचं ताई. ती मुलगी ‘उरा’ म्हणाली त्या दिवशी मी पहिल्यांदाच तिच्या शेजारी जमिनीवर बसलो होतो. ते मी नोंदीत लिहिलंच नाही.

मॅडम, एक मनातलं विचारतो, राग मानू नका. डाएटच्या नावानं प्रस्ताव गेला तर वही कोणाची? आमच्या भागात एका शिक्षकाचा उपक्रम वरच्या एका साहेबांनी स्वतःच्या नावानं सादर केला, त्याला शेवटी सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. तो आता काही लिहीत नाही.

डाएट_अधिव्याख्याता

राग कशाला. हे होतं, मी पाहिलंय, आणि मला त्याची लाज वाटते. उपाय आधी करायचा असतो. प्रस्ताव लिहितानाच त्यात तुमचं नाव सह-संशोधक म्हणून घाला, कोणाचं काम काय ते परिच्छेदात लिहा, आणि आजवरची वही ‘प्रकल्पापूर्वीची मूळ नोंद, संकलन अमुक शिक्षकाचं’ अशी तारखेसह जोडा. तुमच्याकडे आता फोटो आहेत, त्यावर तारीख आहे. आणि कोणाला भेटायच्या आधी तीन पानांचं टिपण करून केंद्रप्रमुखांकडे आवक क्रमांक घेऊन जमा करा. आपल्या व्यवस्थेत आवक क्रमांकाला फार किंमत आहे.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची नवोपक्रम स्पर्धा असते, तिच्यातही पाठवा. पैशासाठी पाठवू नका. तिथे गेलेलं काम तुमच्या नावानं नोंदलं जातं. आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाच्या वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची गोष्ट आहे. सोनाळे किंवा फलटणला जाल तेव्हा आधी पत्र घ्या, आल्यावर उपस्थितीचा दाखला जमा करा, म्हणजे ते दिवस कर्तव्यावर धरायची मागणी करता येते. मे महिन्यात सुट्टीतच गेलात तर प्रश्नच नाही.

प्रस्तावाचा कच्चा खर्डा इथे टाका, मी वाचीन. लाल शाईनं.

सातपुड्याचा_केंद्रप्रमुख

ग्रामसभेचं विसरू नका. कोणत्या सभेत विषय घेताय?

मेळघाट_गुरुजी

सर, मी २६ जानेवारी धरून चाललो होतो. पण दिवाळीनंतर सोंगणी झाली की अर्धं गाव कामाला बाहेर पडतं, ते होळीला परततं. होळी आमच्याकडची सगळ्यात मोठी, पाच दिवस चालते. जानेवारीत सभेला म्हातारे आणि लेकुरवाळ्याच असतील.

सातपुड्याचा_केंद्रप्रमुख

मग जानेवारी सोडा. होळीला सगळे आले की पाड्यावर बसून बोला, पोरांकडून वाचून घ्या, आज्यांकडून गोष्टी टिपून घ्या. १५ ऑगस्टच्या सभेत ठराव. तोपर्यंत ग्रंथालयाच्या पैशातून एक तरी पुस्तक छापून हातात असू द्या. पहिलं पुस्तक कोणतं करताय?

मेळघाट_गुरुजी

‘उरा’. आठ पानांचं. चित्रं चौथीची मुलं काढतायत. घरावर दोन चिमण्या असलेल्या पानावर काय लिहायचं यावर काल तासभर वाद झाला. पाचवीचा एक मुलगा म्हणाला, गुरुजी, तुम्ही चुकीचं बोलताय, हे अनेकांचं झालं, दोघांचं असं नाही म्हणत. त्याचं बरोबर होतं. मी खोडलं आणि त्यालाच खडू दिला.